पास्कलच्या गळ्यातली चावी

शेजारी सुतारकाम चाललंय. कापलेल्या प्लायवूडचा वास आमच्या भोईवाड्यातल्या खोलीत शिरला आणि मी थेट रे रोडच्या प्लायवूडच्या गोदामात जाऊन पोहोचलो.

तेव्हा मी ट्रक चालवायचो आणि पास्कल तिथे फोर्कलिफ्टवर असायचा. माल उतरवण्याआधी तो हात पुढे करायचा, "चावी दे." ट्रकची चावी तो गळ्यातल्या क्रुसाच्या दोरीत अडकवायचा आणि शेवटचा गठ्ठा उतरेपर्यंत द्यायचा नाही. नियम सगळ्या ड्रायव्हरांना होता, पण अपमान मलाच वाटायचा. "मी काय पळून जाणार आहे काय रे?" असं दर खेपेला मी कुरकुरायचो. तो नुसता हसायचा.

एकदा समोरच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून डोकं उठवलं. फोर्कलिफ्टचा आवाज थांबला होता, म्हणून मला वाटलं काम आटपलं. गाडी जरा मागे घ्यायला मी केबिनमध्ये चढलो. सवयीने हात स्टार्टरकडे गेला, पण चावी नव्हती. शिव्या घालत मागे गेलो, तर ट्रक आणि फोर्कलिफ्टच्या मधल्या हातभर जागेत वाकून पास्कल अडकलेली फळी सोडवत होता.

"दोन मिनिटं थांब रे," तो मान वर न करता म्हणाला.

मी फळीचं दुसरं टोक धरलं. गाडी मागे घ्यायला केबिनमध्ये चढलो होतो, हे त्याला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मात्र त्याने मागायच्या आधीच मी चावी त्याच्या हातावर ठेवली.

"सुधारलास वाटतं," तो म्हणाला.

पुढे कित्येक वर्षं मी गाडी चालवली आणि घरी येऊन शांत झोपलो. ती झोप पास्कलने दिलेली आहे, हे त्याला ठाऊकच नाही.