बेटावरच्या नानांच्या नावाची मूठ

२०१४ साल. माझं वय छप्पन्न. शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा शिक्षण सातवी, सहायक फौजदार झालो तेव्हाही सातवीच. त्याची लाज मला कधी वाटली नाही. नोकरीत खूप केसेस पाहिल्या, पण ही एक अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत तापीच्या पात्रात एक लहानसं बेट होतं. त्यावर जुनी दगडी धर्मशाळा, पुढे दीपमाळ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. जागेचा उतारा काठावरच्या गावातल्या एका घराण्याच्या नावावर. धर्मशाळेत सत्तरीचे नाना एकटे राहायचे. पूर ओसरला की गाळ उपसायचे, संध्याकाळी दिवा लावायचे.

त्या श्रावणात घराण्यातला तरुण मालक तक्रारी अर्ज घेऊन आला. म्हणे, नाना आमचा जुना नोकर, बळजबरीनं घुसून बसलाय, बाहेर काढा. जागा त्याला एका हॉटेलवाल्याला द्यायची होती. चौकशी माझ्याकडे आली.

नावेनं बेटावर गेलो. जबाब घ्यायला बसलो.

"नाना, तुम्ही त्या घरचे कोण?"

"त्यालाच विचारा."

"तो नोकर म्हणतो."

नाना भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "हे पाडणार का हो?"

परत येताना नावाडी हळूच म्हणाला, "भाऊ, नोकराले कोणी कानबाईचा रोट खाऊ घालतं का? नाना दरसाल त्या घरी रोट खातो."

माझे कान टवकारले. आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, त्याचे रोट भाजतात. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणसुद्धा देत नाहीत.

मालकाला ठाण्यात बोलावलं. चहा मागवला आणि रोटाचं विचारलं.

"प्रसाद म्हणून दिला असेल, साहेब."

"कानबाईचा रोट, प्रसाद म्हणून? मीपण खान्देशातलाच आहे, बाबा."

तो कप नुसता फिरवत बसला. खोटं बोलणाऱ्याच्या घशाखाली चहा उतरत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आमचे साहेब हसले. "अहो, रोट कोर्टात चालत नाही."

"कोर्टात नाही, साहेब. त्याच्या घरात चालेल," मी म्हणालो.

शनिवारी त्याच्या आईचा जबाब घ्यायला गेलो. अक्का सूप पुढे घेऊन बसलेल्या. "बसा भाऊ, आधी रोटाचे गहू काढते." लेकाची मूठ निघाली, नातवाची निघाली. परत हात गव्हात गेला. "हाई मना देरनी." म्हणजे दिराच्या नावाची.

लेक दारातून ओरडला, "माय, तेनं नाव कसाले?"

अक्कांनी मान वर केली नाही. "ठेसनमा तू काय बोलना ते तुले माहीत. कानबाईना म्होरे मी खोटं बोलाव नही."

मग मला म्हणाल्या, "सासऱ्यांच्या दुसऱ्या घरचा मुलगा तो, माझा सावत्र दीर. उताऱ्यावर नाव चढलं नाही. पण या घरात पानावरून त्याला कोणी उठवलं नाही."

लेकाकडे वळून पुढे, "तेले काढशी तर मीबी बेटवर जाई राहसू. मंग दोन्हीस्वर केस कर."

माझ्यासोबतच्या शिपायाला हसू आवरेना. लेक मात्र उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "साहेब, अर्ज मागे घेतो. काका राहू द्या तिथंच." काका हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मालकी ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम, पोलिसांचं नाही. पण आमचा शिक्का वापरून कोणी घरच्या माणसाला परकं करायला आला, तर आधी त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावं, हे मी तिथं शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः नाव घेऊन बेटावर गेलो. नानांना हात धरून नावेत बसवलं, अक्कांच्या दारापर्यंत आणलं. पुतण्यानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मी ओट्यावर चहा घेतला आणि चुलीवर तवा चढायच्या आत उठलो. तो रोट माझ्या वाट्याचा नव्हता.