बहिणीला दिलेला गीझर

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरातला गॅस गीझर मी घेऊन दिला होता. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सांगता सांगता मी ते टाळीन, अशी मला माझी खात्री आहे.

ती भवानीनगरला राहायची. दाजी साखर कारखान्यात फिटर. भाड्याच्या दोन खोल्या, मागच्या बाजूला नवीन बांधलेलं बाथरूम, घरात सासू आणि पाच वर्षांची मुलगी. बहीण एका बालवाडीत शिकवायची, त्यामुळं सकाळची घाई. लहानपणी आमच्याकडं चुलीवर एकच हंडा तापायचा आणि आंघोळीला तिचा नंबर शेवटचा. तिच्या वाट्याला कायम कोमट पाणी. पुढं मला शिक्षकाची नोकरी लागली, इंदापुरात घर झालं, घरात गीझर आला. एका दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरपणाला आली, आंघोळ करून केस पुसत बाहेर आली आणि माझ्या बायकोला म्हणाली की वहिनी, असं कढत पाणी मिळालं तर मी दिवसातनं दोनदा आंघोळ करीन. त्याच आठवड्यात मी बारामतीला जाऊन तिच्यासाठी गीझर घेतला.

बसवायला दुकानातला माणूस आला. त्यानं सिलिंडर बाहेर ठेवला आणि गीझर बाथरूमच्या आतच भिंतीला लावला. आत चालतो का, असं मी विचारलं. सगळीकडं असाच बसवतो, म्हणाला. माझं समाधान झालं. शिवाय वर काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी होती, तिच्यातनं वारा येत होता.

महिनाभरानं तिचा फोन आला. शेजाऱ्यांनी गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना केला होता आणि जिना चढणाऱ्याला त्या खिडकीतनं आतलं दिसायचं. दाजींना सांगून झालं होतं, पण कारखान्याचा हंगाम सुरू होता, त्यांना उसंत नव्हती. रविवारी मी गेलो. घरात कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पडला होता. मी तो मापानं कापला, पांढरी बाजू आत करून खिडकीवर ताणला आणि चारी कडांना रुंद चिकटपट्टी मारली. फट राहू नये म्हणून पट्टीवर पट्टी मारली. ती खाली स्टुलाजवळ उभी राहून मला पट्टीचे तुकडे दातानं तोडून देत होती. झाल्यावर म्हणाली, "आता कसं निवांत." मग तिनं शेवयांची खीर केली, मी दोन वाट्या खाल्ली आणि इंदापूरला परत आलो.

जानेवारीतल्या एका रविवारी ती डोक्यावरनं न्हायला गेली. दाजी पहिल्या पाळीला होते. सासू पुढच्या खोलीत भाजी निवडत होती. बऱ्याच वेळानं पोरगी आजीकडं आली आणि म्हणाली की आई पाणी बंद करत न्हाय. हाका मारल्या, दार वाजवलं. शेवटी शेजारच्या माणसानं दार तोडलं. आत नळ चालूच होता, गीझर पेटलेलाच होता आणि ती भिंतीला टेकून बसल्यासारखी होती.

बारामतीच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिच्या गालांवर लाली होती. घरी आणल्यावर बायका म्हणत होत्या, तोंडावर किती तेज हाय, झोपल्यागत दिसतीय. त्या लालीचं कारण मला तोवर कळलं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी बाजूला घेऊन समजावून सांगितलं होतं. बंद जागेत गॅस जळत राहिला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, पण रक्तात मिसळला की कातडी लाल दिसते. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. चक्कर येते आणि कळेपर्यंत हातपाय चालायचे थांबलेले असतात. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, बाथरूममध्ये हवा यायला जागा होती का?

मी म्हणालो, "बघायला पाहिजे."

कागदावर लिहायचं ते लिहिलं गेलं, पण सासरी लोकांना सांगितलं जात होतं की हार्ट अटॅक आला. मी ते खोडलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, माणसं एकेक उठून तिच्याबद्दल बोलली. बालवाडीच्या बाई रडल्या. एका पाहुण्यांनी, एवढ्या लहान वयात हृदयविकारानं नेलं, असं म्हटलं. मी पहिल्या रांगेत होतो. दोनदा उठायचं मनात आलं. या मांडवात बसलेल्या कितीतरी जणांच्या बाथरूममध्ये तसाच गीझर असणार हे मला कळत होतं. पण ती गेल्याचं खरं कारण सांगायचं म्हणजे खिडकी कुणी बुजवली तेही सांगावं लागणार होतं. आई माझ्याशेजारीच बसली होती. मी उठलो नाही.

घरी येऊन आधी माझा गीझर आतून काढून बाहेरच्या भिंतीला लावून घेतला. मग अलार्म शोधायला लागलो. बारामतीच्या एका दुकानात गॅसचा अलार्म मागितला, त्यानं दिला. घरी खोक्यावरचं वाचलं तर तो सिलिंडरची गळती ओळखणारा होता. मला हवा होता तो नव्हे. परत गेलो. दुकानदार म्हणाला, सर, गॅस म्हणजे गॅस, त्यात दोन प्रकार कुठले. मी त्याच्याशी भांडलो नाही. मलाही तीन महिन्यांपूर्वी एवढंच कळत होतं.

शेवटी ऑनलाइन दोन मागवले, एक आमच्यासाठी, एक भवानीनगरसाठी. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी ते पोरांची उत्तरपत्रिका तपासावी तसं ओळ न् ओळ वाचलं. माणसं झोपतात तिथं किंवा त्याच्या जवळ लावा. बाथरूमच्या वाफेत नको, शेगडीच्या डोक्यावर नको, खिडकीशी नको, पडद्याआड नको. महिन्यातनं एकदा बटण दाबून तपासा. मधूनच एकदा टिक झालं तर सेल संपत आलेत, आणि चार-चार ठोके सलग वाजू लागले तर वायू आहे. मग दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आत परत जाऊ नका. काही वर्षांनी आतला भाग निकामी होतो, तेव्हा ते अख्खं यंत्र बदला. मी आईच्या खोलीत, पलंगावर बसलं की डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर ते लावलं आणि बटण दाबलं. आवाज इतका कर्कश होता की आईनं कान झाकले. तिला एवढंच सांगितलं की गीझरच्या विषारी वायूचं हे यंत्र आहे. ती त्या पांढऱ्या डबीकडं बघत म्हणाली, हे आधी मिळत व्हतं का? मिळत होतं, असं मी म्हणालो.

दुसरा अलार्म घेऊन मी भवानीनगरला गेलो. दाजी सुट्टीवर होते. त्यांनी चहा केला. मी पिशवीतनं यंत्र काढलं आणि वर्गात शिकवतो तसं सुरू झालो, कुठं लावायचं, कधी तपासायचं, वाजलं तर काय करायचं. ते ऐकत राहिले. माझं झाल्यावर उठले आणि म्हणाले, मागं या जरा.

बाथरूमचं तोडलेलं दार तसंच भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्या जागी पडदा होता. गीझर जागेवर होता, त्या दिवसापासून कुणी तो पेटवला नव्हता. खिडकीवर फ्लेक्स होता. ताठ, चारी बाजूंनी बंद.

"गुरुजी," ते म्हणाले, "ही पट्टी कुणी मारली?"

मी पट्टीच्या कडांकडं बघत राहिलो.

"डॉक्टर मला बी बोलला व्हता. दवाखान्यातनं आलो तवा मी पयलं वरच बघितलं. तिनंच सांगितलं व्हतं मला, दादानं खिडकी झाकली म्हणून. खूश व्हती." दाजींनी पडदा सारखा केला. "मी लोकांना अटॅक म्हणून सांगितलं. तुमाला तुमच्या आईला तोंड दाखवायचं व्हतं. म्हणून सांगितलं."

आतापर्यंत मला वाटत होतं की दाजी स्वतःची लाज झाकतायत. बायकोला वेळ दिला नाही, गीझर नीट बसवून घेतला नाही, म्हणून हार्ट अटॅकची गोष्ट रचलीय. मनातल्या मनात मी त्यांना थोडं दोषही देत होतो. त्या दोषावर मी इतके महिने तगलो होतो.

मी काहीतरी म्हणायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं, आतनं पाना आणला, बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला आणि गीझर उतरवायला लागले. फिटरचा हात, पाच-सात मिनिटांत गीझर अंगणात आला. मी फ्लेक्स काढायला स्टूल ओढलं तर म्हणाले, राहू द्या, मी काढतो. मग पुढच्या खोलीतनं अलार्म आणून माझ्या पिशवीत परत ठेवला.

"आमी चुलीवर पाणी तापवतो अंगणात. हे तुमी घेऊन जावा. आन् गुरुजी, रोज रोज येऊ नका. मला तुमाला बघवत न्हाय."

त्यानंतर भाचीला त्यांनी सुट्टीला पाठवलं नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा सासूबाईंनी उचलला आणि पोरगी अभ्यास करतीय म्हणून सांगितलं. आई विचारायची, पोरीला का आणत न्हाईस. मी कारणं सांगत राहिलो.

शाळेत पालकसभेला मी गीझरचा विषय काढला. कारण सांगितलं नाही, माहिती सांगितली. एक पालक म्हणाले की आमच्यात आठ वर्षं झाली आतच हाय, काय बी होत न्हाय. बाकीच्यांनी मान डोलावली आणि शालेय पोषण आहाराचा विषय सुरू झाला. दुसरा अलार्म घेतो का म्हणून मी दोघांना विचारलं. कुणी घेतला नाही. तो खोक्यासकट कपाटात आहे.

यंदाच्या थंडीत आईचे गुडघे फार दुखत होते. एका संध्याकाळी मी शाळेतनं आलो, बायको बाजारात गेली होती, आणि गाडी लावतानाच तो आवाज ऐकू आला. चार ठोके, थांबणं, पुन्हा चार. मी पळत गेलो. आईनं शेकायला कोळशाची शेगडी खोलीत घेतली होती आणि गार वारं नको म्हणून दार-खिडकी लावून घेतली होती. मी तिला गॅसबद्दल सांगितलं होतं. कोळशाबद्दल सांगितलं नव्हतं. ती पलंगावर बसून यंत्राकडं बघत होती, जागची हलत नव्हती. मी श्वास रोखून खिडकी ढकलली आणि तिच्या काखेत हात घालून तिला अंगणात आणलं. कुणाला आत जाऊ दिलं नाही. शेजाऱ्यांची गाडी मिळाली, इंदापूरच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. दोन-तीन तासांत ती बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

लोक मला शाबासकी देत होते. मला ती घेववत नव्हती. एक पांढरी डबी, दोन सेल, दोन स्क्रू. एवढ्यावर एक माणूस वाचत होतं. एवढंच करायचं होतं, आणि ते करण्याऐवजी मी चिकटपट्टी मारून, खीर खाऊन आलो होतो. दवाखान्याच्या बाकावर बसून मला पहिल्यांदा रडू आलं, तेही नीट आलं नाही.

आईचा ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर मी आत गेलो. तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"डोकं लई ठणकत व्हतं बघ," ती म्हणाली. "समजत व्हतं, उठावं. पन पाय हालंनात." मग थोड्या वेळानं विचारलं, "तिला बी असंच झालं असंल का रं?"

हार्ट अटॅकवर तिनं कधी विश्वास ठेवला होता की नव्हता, मला माहीत नाही. त्या दिवशी मी सगळं सांगू शकलो असतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"न्हाय आई," मी म्हणालो, "तिला काय कळलंच न्हाय."

आईनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.