हजेरीतून सुटका

ती चोरी तशी किरकोळ, पण इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. मी तेव्हा निजामाच्या पोलिसात अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. गंगाखेड तालुक्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. भटक्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का असे. त्यांच्या पुरुषांनी रोज संध्याकाळी ठाण्यात येऊन नाव सांगायचं, हीच हजेरी.

राणीसावरगावच्या बाजूला एक लिंगायत आडते होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांना हे पटेना. त्यांनी थेट हैदराबादेला अर्ज केला: काही कुटुंबांना जमीन, विहीर, शाळा आणि वेळ पडली तर वकील, सगळा खर्च मी सोसतो, सरकारने त्यांची हजेरी उठवावी. सरकारने वर्षभर हजेरी उठवून पाहायचं ठरवलं. निभावलं तर साऱ्या रियासतीत तसाच कायदा होणार होता. त्यांच्याकडून एक जरी चोरी झाली, तर आप्पांनी वसवलेली त्यांची वस्ती मोडणार होती.

आणि चोरी झाली ती आप्पांच्याच घरी. त्यांच्या आईच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा तुटला, म्हणून तिने लिंग चांदीच्या डबीसकट देवघरात ठेवलं होतं. तिथून डबी गेली. लिंगाशिवाय अन्नपाणी वर्ज्य, म्हातारी उपाशी बसली. दुपारी आप्पांचा पुतण्या ठाण्यात आला. "अमीनसाब, वस्तीच्या म्होरक्याला आमच्या घरामागं फिरताना बघितलंय मी."

झडतीत डबी म्होरक्याच्या चुलीमागे निघाली. रिकामी.

"उलटा टांगतो साब, लिंग कुठं टाकलं ते लगेच सांगंल," जमादार म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं. मार खाऊन माणूस आपल्याला हवं तेच बोलतो, हा माझा अनुभव.

म्होरक्या हात जोडून एवढंच म्हणाला, "मला डबी ठावं न्हाई मायबाप. माझं काय बी करा, पर लेकरांची शाळा मोडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंग सापडलं. म्हातारी रोज जायची त्या महादेवाच्या देवळात, कोनाड्यात. मी जाऊन पाहिलं. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, वर भस्माचे तीन पट्टे आणि बेलाचं पान. नवख्याला ती काळी गोटीच वाटते. घाईतला चोर ती बाभळीत भिरकावून देईल. याने तर पूजा केली होती!

म्होरक्याचं नाव घेणारा पुतण्या घरातलाच होता. मी त्याला बोलावलं, खुर्ची दिली, चहा पाजला. जोंधळ्याच्या, पावसाच्या गप्पा मारल्या. मग सहज विचारलं, "लिंग डबीतून काढताना हात तरी धुतले होते का?"

तो एकदम चिडला. "हात काय? आंघूळ केल्याबिगर कोण शिवंल लिंगाला?"

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याच्या ध्यानात आलं. तो रडत म्हणाला, "डबी मीच ठेवली त्याच्या चुलीमागं. आज्जीला उपाशी मारायचं नव्हतं मला. पण काका आमच्या हिश्श्याची जमीन त्यांना वाटायलाय, अमीनसाब!"

आप्पा बाहेरच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माझा अहवाल हैदराबादेला जाणार होता. ते म्हणाले, "आमच्या पोराचं नाव झाकू नका. न्हाईतर संशय वस्तीवरच राहील." घरची अब्रू चव्हाट्यावर मांडायची तयारी ठेवणारा असा दाता मी पुन्हा पाहिला नाही.

मुद्देमाल सापडला की गुन्हेगार सापडला, असं आमच्या खात्यात समजत. त्या दिवसापासून मी वस्तू कुठे सापडली यापेक्षा ती कशी हाताळली गेली हे आधी पाहू लागलो.

म्होरक्याला सोडलं, वस्ती टिकली. हजेरीला आताही यायचं नाही, असं मी त्याला पुन्हा बजावलं. त्याने तेच जमादारालाही विचारून घेतलं. तरी पुढे कित्येक महिने बाजाराहून परतताना तो ठाण्यासमोर थांबायचा, आणि मी दिसलो की स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचा.