लाइट नसताना उघडलेलं शटर

१४ मे २००६, रविवार. सकाळचं काम एकच होतं — गाडीतल्या बटणाला गॅरेजचं शटर उघडायला शिकवायचं.

माझा अंबडला पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. मशीन बंद पडलं तर मी फ्यूज बघते, नारळ फोडत नाही. बाधा, झपाटणं वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. तरी लिहितेय, कारण ह्या प्रकारात मी एका माणसावर आळ घेतला.

गाडी माझ्या नणंदेच्या यजमानांनी परदेशातून आणलेली. ते परत गेले आणि गाडी आमच्याकडे आली. आतल्या आरशाखाली तीन बटणं होती. आमच्या गंगापूर रोडच्या बंगल्याला त्याच महिन्यात मोटरचं शटर बसवलं होतं. गाडीच्या पुस्तकात कृती दिलेली — कडेची दोन बटणं दाबून धरून जुनं सगळं पुसायचं, मग शटरचा रिमोट जवळ धरून रिमोट आणि गाडीतलं बटण एकदम दाबायचं. आरशावरचा लाल दिवा आधी सावकाश लुकलुकतो, मग भराभर. भराभर म्हणजे बटण शिकलं. शेवटी एकाने शिडीवर चढून मोटरवरचं बटण दाबायचं आणि तीस सेकंदांच्या आत दुसऱ्याने गाडीतलं.

शिडीवर आमचे ड्रायव्हर निवृत्तीभाऊ चढले. मखमलाबादचे, चौदा वर्षं आमच्याकडे.

"दाबलं, वहिनी. पळा आता."

"मी गाडीतच बसलेय. पळू कुठे? तुम्ही नीट उतरा."

पहिलं बटण चाललं. बाकीची दोन कोरीच ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी स्कूटरवरून कारखान्यातून आले तर शटर सताड उघडं. पुढच्या सोमवारी तेच, बुधवारी परत. माझे सासरे, आबा, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्या खोलीचं दार गॅरेजमध्येच उघडतं. निवृत्तीभाऊ त्यांना अकराला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचे, एकला परत आणायचे, गाडी आत लावून जेवायला घरी जायचे. मिस्टर ओझरला नोकरीवर, कामवाल्या बाई चारला येणार; त्यांनाही आल्या तेव्हा शटर उघडंच दिसलं होतं. म्हणजे तीन तास आबा एकटे, आणि घर रस्त्यावर उघडं. चोरीला काहीच गेलं नव्हतं. त्याने माझा संशय वाढलाच... काही न नेता जाणारा चोर नुसता बघून जात असतो.

मोटरवरचं बटण परत दाबून आणखी एक रिमोट शिकवता येतो, हे मी वाचलं होतं. मोटरपाशी कोण चढलं होतं?

"निवृत्तीभाऊ, तो जास्तीचा रिमोट कुठे आहे?"

"कसला रिमोट?"

"शटर दुपारी उघडतं. मोटरला हात तुमचाच लागलाय."

"वहिनी, अडीच ते पाच लोडशेडिंग. लाइट नाय तर मोटर फिरंल कशी?"

"लाइट जायच्या आधी उघडलं असेल."

"तुमी बघितलंय का?"

"मला उलट विचारू नका."

"आबांना मी रोज उचलून गाडीत बसवतो. मला घरात यायला चोरून शटर कशाला पायजे?"

मुद्दा बिनतोड होता. पण माझं ठरलं होतं. चावी मागितली. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली आणि गेले. वर मी कॉलनीत दोन घरी सांगितलं, "ह्या माणसाला कामावर घेताना विचार करा."

शटर बसवणाऱ्याला बोलावून मोटरची सगळी मेमरी पुसून घेतली, घरातले दोनच रिमोट परत शिकवले. गाडीतली बटणं पुन्हा कोरी केली. लाइट नसताना शटर हाताने वर घ्यायची साखळी असते, तिला कुलूप घातलं. दोनच दिवसांनी शटर पुन्हा उघडं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी कारखान्यात गेले नाही. अडीचला लाइट गेली. मेन स्विचही खाली पाडला आणि गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. शटर समोर, दोन्ही रिमोट मांडीवर, कुलपाची किल्ली पर्समध्ये. आबा आत झोपलेले, त्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी आरशावरचा लाल दिवा लागला. मी कशालाही हात लावला नव्हता. दिवा सावकाश लुकलुकत होता. मी वाकून पाहिलं — तिसरं बटण आत दबलेलं होतं. अडकल्यासारखं नाही, कोणीतरी बोट ठेवल्यासारखं. मग दिवा भराभर लुकलुकायला लागला, बटण बाहेर आलं... आणि समोरचं शटर वर जायला लागलं. पट्ट्यांचा खडखडाट होता, मोटरची घरघर मात्र नव्हती.

बाहेर कोणी नव्हतं. मेन पडलेलाच, साखळीचं कुलूप जागेवर. मी तिसरं बटण स्वतः दाबून पाहिलं. काही झालं नाही.

शटर बसवणारा फोनवर म्हणाला, "ह्या मोटरला बॅटरी नाही, मॅडम. लाइट नसताना ती चालूच शकत नाही. तुम्हाला भास झाला असेल." झाला असेल. पण शटर तर वर होतं, कुलूप काढून मीच ते साखळीने खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मखमलाबादला गेले. निवृत्तीभाऊ आणि त्यांची बायको ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "शटर तुम्ही उघडत नव्हता."

"आता कळलं का?" बायको मान वर न करता म्हणाली.

मी पाहिलेलं सगळं सांगितलं. बटणाबद्दल निवृत्तीभाऊंनी एक अक्षर विचारलं नाही.

"तुमच्यासमोर उघडलं नसतं, तर आला असता का, वहिनी?"

"नाही."

त्यांनी हातातली जुडी पुरी बांधली. "आबांसाठी येतो. पण शटरला हात लावणार नाय. आन् ज्यांच्या कानावर घातलंय, त्यांना आधी जाऊन सांगा."

मी तिथून थेट कॉलनीत आले आणि दोन्ही घरांची बेल वाजवली. दोन्हीकडे एकच प्रश्न आला, "मग उघडत कोण होतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "निवृत्तीभाऊ नव्हते, एवढंच सांगायला आलेय."