जालिंदरच्या जीपमधली ‘बारावी ब’

नारायणगाव ते जुन्नर रस्त्यावर जालिंदर बरीच वर्षं वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी जीप चालवतो. कॉलेजची पोरं मागं बसून अशी बिनधास्त बोलतात, की ड्रायव्हरला कान असतात हेच त्यांच्या लक्षात नसतं. कोण कुणावर रुसलं, कुणी कुणाचा नंबर ब्लॉक केला, सगळं त्याला ठाऊक. ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली. बारावीतली केतकी, तिच्यावर जीव टाकणारा दीपक, आणि शेवटी दीपकला स्टँडवर सोडून पुण्याला नर्सिंग शिकायला गेलेली केतकी.

सीटा भरेपर्यंत स्टँडवर थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात तो गोष्ट मोबाइलला तोंडी सांगायचा आणि मोबाइल मनाला येईल ते टाइप करायचा. घरी बायको मोहिनी चुका दुरुस्त करताना हसून हसून बेजार व्हायची. तरी एक चूक तिच्या नजरेतून सुटलीच. ‘केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं’च्या जागी ‘केतकीच्या डोळ्यांत राणी आली’ असं छापून आलं.

पुस्तक त्यानं स्वतःच छापून घेतलं. नाव ‘बारावी ब’. लेखकाच्या जागी आईच्या नावावरून टोपणनाव घातलं, हिरासुत. पन्नाशीकडं झुकलेल्या जीपवाल्यानं प्रेमकथा लिहिलीय, असं कळलं असतं तर स्टँडवरच्यांनी त्याला जगू दिलं नसतं. काही प्रती स्टेशनरीच्या दुकानात ठेवल्या, दोन जीपमध्ये. वर चिठ्ठी चिकटवली : ‘प्रवासात वाचा, उतरताना ठेवून जा.’

लोक वाचायला लागले आणि जालिंदरची खरी करमणूक सुरू झाली.

निवृत्त शिक्षक सयाजी गुरुजी म्हणाले, “गोष्ट साधीच आहे. पण ‘डोळ्यांत राणी आली’! काय प्रतिमा आहे! रडतानाही ताठ मानेची पोरगी दिसते.” जालिंदरनं खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं.

बारावीतल्या सोनलनं पुस्तक दोनदा वाचलं. जुन्नरच्या बाजाराला भाजी नेणाऱ्या गोजरबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून रोज जीपमध्ये ती त्यांना थोडं थोडं वाचून दाखवायची. शेवटचं पान संपलं तेव्हा गोजरबाईंनी मांडीवरची पाटी खाली आदळली.

“अगं, आन् त्या पोराचं काय? त्यो तिथंच उभा?”

“आजी, तिला शिकायचं होतं.”

“शिकू दे की! पर नीट सांगून तरी जायचं. ह्यो लिव्हणारा कुनी दगडाच्या काळजाचा हाय. बायामाणसाशी दोन शब्द बोलला नसंल कधी.”

हे मात्र जालिंदरला लागलं. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून म्हणाला, “तसं न्हाई, आजी. सांगत बसली असती तर तिचं पाऊलच निघालं नसतं!”

“तुला काय म्हाईत?”

“मीच लिहिलंय.”

जीपमध्ये असं हसू फुटलं, की पलीकडच्या द्राक्षबागेतली माणसं वाकून बघायला लागली. शेवटी त्यानं पहिलं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेव्हा कुठं लोकांचा विश्वास बसला. मागच्या सीटवर बसलेल्या गुरुजींनी पुढं वाकून त्याचा हात हातात घेतला आणि त्या राणीबद्दल विचारलं. जालिंदरनं खरं काय ते सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, “राहू द्या तशीच. पाण्यापेक्षा बरी आहे.”

त्या दिवसापासून लोक तोंडावर गोड बोलायला लागले. “लई भारी लिहिलंय, राव,” यापुढं कुणी जाईना. जालिंदरला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. खोट काढायला एकट्या गोजरबाई उरल्या होत्या.

आणि एका सकाळी सोनलचे वडील सुनील पुढच्या सीटवर येऊन बसले. मांडीवर ‘बारावी ब’.

“पोरीनं दिलं,” सुनील म्हणाले. “म्हणाली, दादा, आधी हे वाचा, मग आपण बोलू. तिला बी पुण्याला जायचंय.”

“मी तिला काही शिकवलं न्हाई, भाऊ. मला तर हे आत्ताच कळतंय.”

“ते नाय म्हणत मी.” सुनीलनी पुस्तक उघडलं. “ह्यातला बाप दारात आडवा उभा ऱ्हातो, पोरीच्या पिशवीला हात लावतो. का वं? सगळे बाप असेच असतात व्हय?”

लिहिताना बापाचा जालिंदरनं विचारच केला नव्हता. गोष्टीत कुणीतरी आडवं यायला हवं, म्हणून उभा केला होता.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“आन् दुसरं. पोरगी पुण्याला गेली, एवढंच लिहिलंय. ऱ्हायली कुठं? खाल्लं काय? वाचणाऱ्या बापाला रात्रभर झोप न्हाई, ती ह्याच्यापायी.”

“भाऊ, मग सोनलला...?”

“होस्टेल बघायला लागंल आधी,” सुनील खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुमच्या ओळखीचं हाय का कुनी तिकडं?”

मोहिनीची बहीण पुण्यात होती. पुढच्याच रविवारी जालिंदर, मोहिनी, सुनील आणि सोनल एसटीनं गेले आणि तीन होस्टेलं पाहून आले. पहिलं सुनीलना अंधारं वाटलं, दुसऱ्यातली भाजी पाणचट लागली. तिसऱ्यात त्यांनी स्वतः पंखा लावून पाहिला, कडी दोनदा घालून पाहिली आणि मान डोलावली.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जालिंदरनं सोनलला नारायणगावच्या स्टँडवर आणून सोडलं. सुनील तिची बॅग डोक्यावर घेऊन एसटीत शिरले. गोजरबाईंनी मेथीच्या दोन जुड्या पोरीच्या हातात कोंबल्या. होस्टेलात मेथीचं काय करणार, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. सोनल खिडकीतून हात हलवत ओरडली, “काका, पुढच्या पुस्तकासाठी पुण्यातलं मी कळवीन, पण या वेळी नीट लिहा!”