मुमताज सिस्टरची बदली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. दौंडला आमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. दारूच्या पेशंटला कसं सांभाळायचं ते डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट — सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसून शिकायचं. मी शिरूरकडच्या एका दवाखान्याचा डॉक्टर. सिस्टरांच्या रांगेत मांडी घालून बसायचं, हेच मला खुपत होतं. त्यात सरावासाठी चिठ्ठ्या टाकून सोंगं वाटली, आणि माझ्या वाट्याला काय आलं? पेशंट. ऐकून घ्यायला समोर आमच्याच दवाखान्यातली मुमताज सिस्टर.

मी मजेत बेवड्याचं सोंग करत होतो. तिनं सहज विचारलं, घरात आणखी कोण पितं? आणि माझ्या तोंडून माझे खरे वडीलच बाहेर आले. चारचौघांत रडलो हो. मग टाळ्या पडल्या — तिला. माझा नुसता जळफळाट झाला. एमबीबीएस मी, आणि शाबासकी हिला?

परत आल्यावर पेशंटही माझं टेबल ओलांडून तिच्याकडे जायला लागले. त्यातलाच संपत, रांजणगावला कंपनीत कामाला. दर सोमवारी तिच्याशी बोलायचा. चार महिने त्यानं बाटलीला हात लावला नव्हता.

एका गुरुवारी तो अवचित आला. घामाघूम. "सायेब, सिस्टर कुठं हायेत? आज लई वढ लागलीया."

ती पलीकडच्या खोलीत बाळांना लस देत होती. एक हाक मारायची होती — एवढंच ना? मी म्हणालो, "त्यांची बदली झाली. माझ्याशी बोल."

तो घुटमळला, "व्हय सायेब" म्हणाला आणि गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू — फार बरं वाटलं.

सोमवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. महिनाभरात पिऊन मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला.

सिस्टर माझ्यापुढे येऊन म्हणाली, "सर, माझंच काही बोलायला चुकलं असेल का? न सांगता यायचा बंद झाला तो."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "असेल. तीन दिवसांच्या ट्रेनिंगनं सगळं येत नसतं."

तिनं सोमवारी दारूच्या पेशंटशी बोलायला बसणं सोडलं. पुढे रिटायर झाली, निरोपाचं भाषण मीच केलं. ती पहिल्याच खुर्चीत बसली होती. तेव्हाही मी सांगितलं नाही.