हात जाईल एवढी जागा

आमच्या ह्यांना सगळं इंदिरानगर निवृत्ती मिस्त्री म्हणून ओळखतं. माणूस कमी बोलणारा, आणि पंजा म्हणाल तर सुपाएवढा. लग्नात ह्यांना अंगठी बसेना, तेव्हा माझ्या भावाला ऐनवेळी सोनाराकडं पळावं लागलं होतं. ते अजून ऐकवतो मेला.

एक्याण्णव साली आम्ही पत्र्याची शेड टाकली. पुढं गॅरेज, मागं बिऱ्हाड. गिऱ्हाईक जास्त करून हरसूलच्या रस्त्यावरचे जीपवाले. जुन्या जीपचं बॉनेट उघडलं की इंजिन कसं ताटात वाढल्यासारखं समोर. ऑइल फिल्टर बाजूलाच. हात घाला, फिरवा, काढा. ड्रायव्हरचा चहा होईतो तेल आणि फिल्टर दोन्ही बदलून गाडी तयार. आणि ह्यांचा एक नेम होता. काढलेला जुना फिल्टर गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. बघ बाबा, तुझं काम झालंय. त्या नेमावर माणसं पन्नास किलोमीटरवरून यायची.

मग दोन हजार तीनच्या सुमारास त्या नव्या गाड्या आल्या. बाहेरून गुळगुळीत, आत मऊ सीटा, पण बॉनेट उघडावं तर सगळं कोंबाकोंबी. ज्यानं कुणी ती गाडी काढली, त्यानं ती कागदावरच काढली असणार. फिल्टर ठेवला इंजिनाच्या मागं, पाइपाच्या खाली. रीतसर काढायचा तर आधी गार्ड सोडा, मग पाइप, मग पट्टी. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस! पाइप न काढता बाजूनं हात जातो, नाही असं नाही, पण बारीक हात. ह्यांचा पंजा पेरांशीच अडकायचा.

हरसूलचा सहादू आमचं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. जुनी जीप विकून त्यानं ही नवी घेतली आणि पहिल्यांदा तेल बदलायला आमच्याकडंच आणली. नवा फिल्टरही घेऊन आला होता. दुपारची पॅसेंजर घेऊन त्याला परत जायचं होतं. ह्यांनी तेल बदललं, आत हात घालून दोनदा सालटं काढून घेतलं. मग जुना फिल्टर त्याच्या हातात ठेवला नि गाडी सोडली. मी गहू निवडत बसले होते. मला वाटलं, झालं काम.

संध्याकाळी साबणाचा डबा काढायला गेले, तर डब्यामागं सहादूचा नवा कोरा फिल्टर, खोक्यासकट.

"हा इथं कसा? मग त्याला दिलात तो कुणाचा?"

"दुसऱ्या गाडीचा," हे खाली बघून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, फिल्टर तुंबून इंजिन गेलं म्हणजे? घाटात माणसं भरलेली असतात त्याच्या गाडीत! हात जात नाही एवढं सांगायला जीभ झिजली असती का तुमची?"

"बारा वर्षं लोक म्हणतात, मिस्त्रीचा हात लागला की काम झालं. कसं सांगू?"

रागाबरोबर मला ह्यांची कीवही आली. पण कीव करून गाडी थोडीच चालते? सहादूकडं फोन नव्हता. सकाळच्या पहिल्या एसटीनं फिल्टर आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघालो. मी बरोबर गेले, नाहीतर हा माणूस त्र्यंबकहून मागं फिरला असता.

हरसूलला बाजाराचा दिवस. बाकीच्या जीपा भरून निघत होत्या आणि सहादूची गाडी झाडाखाली रिकामी उभी. सहादू बंपरवर बसलेला. आम्हाला बघून तो उठला, सीटखालून तो फिल्टर काढला आणि ह्यांच्या हातात दिला.

"मिस्त्री, ह्यो माझ्या गाडीचा नाय. म्या आणला तो बुटका व्हता, ह्यो लांबडा हाय. घरी आल्यावर ध्यानात आलं. तवापासून गाडी उभीच हाय."

"दुसऱ्या कुणाला दाखवायचीस की," मी म्हटलं.

"तुमी याल असं वाटलं."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे गाडीखाली शिरले, छिन्नीनं ठोकून फिल्टर सैल केला. पण फिरवून काढायला आणि नवा बसवायला बोटंच लागतात. वरून हात घातला, तो परत अडकला. पाइप काढत बसायचं तर बाजार उठून गेला असता. सगळा स्टँड बघत होता.

"सरका," मी म्हटलं.

पण माझ्या हातात सव्वादोनच्या काचेच्या बांगड्या, कासारणीनं दाबून भरलेल्या. साबणानंही निघायच्या नाहीत. सवाष्णीनं भर बाजारात बांगड्या वाढवायच्या? हे म्हणाले, "राहू दे गं." मी म्हटलं, "चूक तुमची, गाडी त्याची, आणि राहू दे काय?" उजव्या हातातल्या बांगड्या दगडावर वाढवल्या, मनगट मोकळं नको म्हणून दोरा बांधला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"जुनी रबरी रिंग चिकटलेली नाही ना? बोटानं बघ. आता आटा लागू दे, जोर नको," हे कानाशी सांगत होते. वीस मिनिटं लागली. गाडी चालू करून ह्यांनी खाली वाकून बघितलं, थेंब गळत नव्हता. मग काळाकुट्ट, बुटका फिल्टर पुसून सहादूच्या हातात दिला.

"हा तुझा."

"व्हय, ह्यो माझा," म्हणत सहादूनं पॅसेंजरला हाक मारली.

हे मला घेऊन तडक बाजारातल्या कासारणीपुढं जाऊन बसले. माझा तेलकट हात धरून तिनं विचारलं, "काय झालं गं बाई?"

मी तोंड उघडायच्या आत हे मोठ्यानं म्हणाले, "गाडीत माझा हात जात नव्हता. हिचा गेला."

कासारणीनं सव्वादोनच्या काढल्या. मी म्हटलं, "डाव्या हाताला आहेत त्या राहू द्या. उजव्याला अडीचच्या द्या, पटकन काढता आल्या पाहिजेत."